पोच

खुशलानींच्या नोटिशीत मी तीच वाक्यं घालते
जी सगळ्यांच्या नोटिशीत घालते.
माझ्या अशिलाच्या सूचनेवरून, त्यांच्या वतीने,
आपणांस कळविण्यात येते की.
खाली रक्कम, अंकी आणि अक्षरी :
एक लाख शहाऐंशी हजार चारशे फक्त.
हे 'फक्त' कोणी आणलं, ठाऊक नाही.

तीन वर्षांत तीन पाकिटं परत आली.
पहिल्यावर पोस्टमनचं निळं अक्षर : दार बंद.
दुसऱ्यावर : सूचना दिली.
तिसऱ्यावर नुसतं : घेत नाही.
पत्ता पाचपावलीचा. कल्याणीने एकदा घाईत
'पोचपावली' टाइप केलं होतं,
तेही परत आलं.

मार्चात दोनशे चाळीस मोटरी उधारीवर नेल्या होत्या पौनीकरने,
कूलरच्या. एप्रिलअखेर पैसे देतो म्हणाला.
आणि त्या वर्षी नागपुरात उन्हाळाच झाला नाही.
गारा पडल्या. मे महिन्यात लोक पांघरूण घेऊन झोपले,
सकाळी तर्रीपोह्याच्या गाडीवर म्हणाले,
देवाची कृपा झाली बाप्पा यंदा.
कृपेचं बिल पाचपावलीत गेलं.

दावा टाकू, मी दर वर्षी म्हणायची.
"कोर्ट फी मत बोलो मॅडम," जरीपटक्याहून खुशलानी,
"जो डूब गया उसके पीछे और डुबाऊं?
नोटिस भेजो. कडक."
माझीही दोन वर्षांची फी त्यांच्याकडे आहे.
ती मागायला मी वकील लावलेला नाही.

तीस एप्रिलला, सोमवारी, मुदत संपत होती.
शनिवारी दुपारी तो स्वतःच आला,
सदरच्या त्या जिन्यावर जिथे कठडाही भाजतो.
हातात पोस्टाची चिठ्ठी, घडीवर फाटलेली.
"घेतलं नाई जी पाकीट. पोरीची बारावी होती,
म्हटलं घरात असा कागद नको.
पैसे देणं लागतो मी. बुडवत नाई.
कुठं लिहून देऊ सांगा."

मला माहीत होतं, त्याला नव्हतं :
सोमवार संध्याकाळपर्यंत हा माणूस गप्प राहिला
तर हे देणं कोर्टाच्या पायऱ्या चढू शकत नाही.
दोन ओळी लिहून खाली सही केली
तर ते पुन्हा आजच्या तारखेचं होतं,
पुढच्या तीन वर्षांसाठी धडधाकट.

मी खुशलानींची वकील. मी पाणी दिलं.
"काका, तुम्ही कुणी वकील लावलाय का?"
एवढंच विचारता येत होतं, तेवढंच विचारलं.
तो हसला. "तुम्ही आहात न जी."

मी कागद शोधायला लागले.
कागद टेबलावरच होता.
कपाट उघडलं, खालचा खण, वरचा खण,
मागे तो उठलेला मला ऐकू आला.
माझा कूलर महिनाभर नुसती झळ फेकत होता.
त्याने मागची ताटी काढली, पंप उलटा केला,
माझ्याच टाचणीने भोकातला चुना खरवडला,
"खारं पाणी आहे न तुमचं इकडचं,"
आणि वाळ्यावर पाणी झिरपायचा तो आवाज
खोलीत परत आला.

मग हात पँटला पुसून बसला आणि लिहिलं.
अक्षर वळणदार. 'देणे' वर दोनदा गिरवलेलं.
मी किती झाले विचारलं, पंपाचे.
"राहू द्या जी. यात काय."

सोमवारी फोन आला.
"लिख के दिया? खुद?" खुशलानी क्षणभर थांबले.
"बढिया. तीन साल और मिल गए."
कुणाला, ते बोलले नाहीत.

आता फाइल पाच वाजेपर्यंत टेबलावरच असते.
कूलरचा वारा थेट येतो,
सगळे कागद फडफडतात.
त्या एका कागदावर मी स्टेपलर ठेवते,
उचलते,
पुन्हा ठेवते.